निर्भेळ वीज

"सदर कर्मचाऱ्यास ऐकू येणारा गुंजारव बाह्य जगात अस्तित्वात नसून तो त्यांच्या श्रवणेंद्रियात अथवा मनात उत्पन्न होतो, असे या मंडळाचे निश्चित मत आहे."

ध्वनिसंग्रहालयाच्या वैद्यकीय मंडळाने काढलेला हा निष्कर्ष. वाक्य एकच आहे, आणि ते पाडायला फार मोठी हत्यारे लागत नाहीत. 'बाह्य जग' मंडळाने तपासले ते एका दुपारी, एका घरातल्या एका खोलीत, एक मीटर लावून आणि दोन कप चहा पिऊन. उरलेल्या जगाची पाहणी करण्याची गरज मंडळाला भासली नाही. पुढे 'श्रवणेंद्रियात अथवा मनात'. दोष कानात आहे की मनात हे आपल्याला सांगता येत नाही, अशी कबुली ज्या 'अथवा'ने दिली, त्याच्यापासून हाताच्या अंतरावर मंडळ 'निश्चित' झाले आहे. माणूस एका पावलावर गोंधळलेला आणि पुढच्याच पावलावर ठाम असू शकतो याचा याहून सुबक नमुना मिळणे कठीण. राहिला 'गुंजारव'. हा शब्द आजवर भुंग्यांसाठी राखून ठेवलेला होता, आणि तोही कवींनी. कार्यालयीन कागदावर तो उतरवण्यापूर्वी निदान भुंगा आहे की नाही एवढे तरी पाहायला हवे होते.

ज्यांच्याविषयी हे मत व्यक्त झाले त्यांना संग्रहालयात सगळे कानसेन म्हणत. साहेबही म्हणत, शिपाईही म्हणत, आणि एकदा तर रजेच्या मंजुरीवर तेच नाव टाइप होऊन आले होते. जुन्या तबकड्या आणि फिती यंत्रावर चढवायच्या, त्यांतली खरखर निवडायची, आणि नव्या प्रतीत ती उतरू द्यायची नाही, हे त्यांचे काम. यंत्रेही हे काम करतात, आणि कानसेनांपेक्षा पुष्कळ वेगाने करतात; फक्त यंत्राला तबकडीचा ओरखडा आणि गाणारीचा श्वास यांत फरक कळत नाही. दोन्ही त्याच्या लेखी कचरा. कानसेनांचे सारे आयुष्य तो कचरा निवडण्यात गेले होते, आणि त्यातला श्वास ते परत जागच्या जागी ठेवून देत. एका जुन्या गायिकेच्या तबकड्यांचा गठ्ठा त्या वर्षी त्यांच्या हाती आला होता. तिचे नाव कुणालाच ठाऊक नव्हते. लेबले केव्हाच गळून गेली होती. ती प्रत्येक गाण्याआधी एक छोटासा, किंचित घाईचा श्वास घेई. वरिष्ठांनी तो काढून टाका म्हणून सुचवले. कानसेन म्हणाले, "नाव गेलंच आहे तिचं. श्वास तरी राहू दे."

असा माणूस वार्षिक तपासणीला जातो, आणि डॉक्टर त्याला विचारतात, "इतरांना ऐकू येत नाही असा एखादा आवाज तुम्हाला ऐकू येतो का?" या प्रश्नाचे शहाणे उत्तर 'नाही' असे आहे, आणि ते देऊन बाकी सगळे कर्मचारी जेवायला गेले होते. कानसेनांनी थोडा विचार केला. नेमके बोलण्याची सवय एकदा अंगात भिनली की ती अशी ऐन वेळी घात करते. ते म्हणाले, "येतो. घरी येतो. संध्याकाळी, गाणं सुरू झालं की."

बंद काचेच्या खोलीत त्यांच्या कानांची चाचणी झाली. तिथे त्यांना ते सगळे सूर ऐकू आले जे त्यांच्या निम्म्या वयाच्या माणसांना ऐकू येत नाहीत. मंडळाने यावरून जे अनुमान काढले ते पाहण्यासारखे आहे. कान उत्तम आहे, तेव्हा दोष मनात असावा. आणि ज्याने इतकी वर्षे कान लावून ऐकले त्याचा कान थकलेला असणारच, तेव्हा दोष कानातही असावा. या तर्कातून सुटायला एकच वाट होती, ती म्हणजे मुळात कान नसणे. कानसेनांना श्रवणकक्षातून वेष्टन विभागात हलवण्यात यावे असे ठरले. वेष्टन विभागात तबकड्या खोक्यांत भरतात. तिथे ऐकण्यासारखे काही नसते. चिकटपट्टी फाडल्याचा आवाज होतो, तेवढाच.

आता ज्या आवाजाने हे घडवले त्याची जन्मकथा.

कानसेन दुरुस्त केलेल्या गाण्यांच्या, नव्या तबकड्यांवर उतरवलेल्या प्रती घरी आणून ऐकत. कक्षात सगळेच चांगले ऐकू येते, घरात काय उरते ते खरे, असे त्यांचे मत होते. घरात जे उरे त्यात फ्रिज होता. फ्रिज सुरू झाला की स्पीकरमध्ये 'टक्' होई. धुण्याचे मशीन फिरू लागले की गायिकेच्या गळ्यात कुणीतरी खाकरे. शेवटी त्यांनी स्वतंत्र लाइन ओढून घ्यायचे ठरवले. मीटरच्या पेटीतून निघालेली, घरातल्या दुसऱ्या कशालाही न शिवलेली जाड तांब्याची तार, तिचा वेगळा एमसीबी, वेगळे अर्थिंग, आणि दुसऱ्या टोकाला त्यांच्या खोलीत एकच सॉकेट, फक्त ॲम्प्लिफायरसाठी. निर्भेळ वीज.

"विजेलाही आता वेगळी खोली हवी झाली का?" आत्याने विचारले.

आत्या म्हणजे त्यांच्या वडिलांची धाकटी बहीण. आई लवकर गेल्यावर तिनेच त्यांना वाढवले होते, आणि आता ती त्यांच्याकडे, त्यांच्या लगतच्या खोलीत राहत होती. दोन्ही खोल्यांत एका भिंतीचे अंतर. कानसेनांच्या संगीताविषयी तिचे मत ती सकाळ-संध्याकाळ, न विचारता देई. जुन्या गायिकांना ती सरसकट 'तुझी भुतं' म्हणे.

"आत्या, वेगळी लाइन म्हणजे मध्ये कुणाची लुडबुड नाही."

"छान. मी या घरात आल्यापासून बघतेय, मला कुणी वेगळी लाइन दिली नाही. आणि पाय माझे गार पडतात, तुझ्या भुतांचे नाही."

वायरमन बोलका होता. पेन्सिल कानावर, टेस्टर खिशात, आणि तोंड सदैव चालू. कानसेन डोळ्यांत तेल घालून त्याच्या मागे उभे राहिले. पट्टी कुठून जाणार, वळण किती घेणार, स्क्रू कुठला लागणार, सगळे त्यांनी स्वतः पाहिले. "साहेब, तुम्ही असे बघताय ना, मला लहानपणी गणिताच्या मास्तरांपुढे उभं राहिल्यासारखं होतंय," वायरमन म्हणाला. तरीही ते हलले नाहीत. पण अखेरच्या दुपारी संग्रहालयातून फोन आला, भिजलेल्या तबकड्यांचे एक खोके येऊन पडले होते, आणि त्यांना जावे लागले. आत्या म्हणाली, "जा तू. मी आहे लक्ष ठेवायला."

ते परतले तेव्हा काम संपले होते. तबकड्यांचे जड कपाट भिंतीला लागून जागच्या जागी होते, फरशी झाडलेली होती, आणि वायरमन आत्याच्या खोलीच्या दारात उभा राहून चहा पीत होता. दोघांची चांगलीच गट्टी जमलेली दिसत होती. या गोष्टीकडे कानसेनांनी लक्ष दिले नाही. त्यांचे लक्ष सॉकेटकडे होते.

पहिल्या संध्याकाळी त्यांनी तबकडी लावली. फ्रिज सुरू झाला. स्पीकरला पत्ता लागला नाही. गायिकेने तिचा तो घाईचा श्वास घेतला, आणि इतका जवळून की कानसेनांनी नकळत आपला रोखला. ती गाऊ लागली. आणि तिच्या आवाजाखाली, अगदी तळाशी, ॲम्प्लिफायरच्या पोटातून कुणीतरी घूंऽऽ करू लागले.

दुसऱ्या दिवशीही तसेच. गाणे सुरू झाले की थोड्या वेळात घूं. कानसेनांची बायको एका इस्पितळात औषधे देण्याच्या खिडकीवर काम करी आणि बहुतेक संध्याकाळी तिची पाळी असे. ती घरी असलेल्या पहिल्याच संध्याकाळी त्यांनी तिला हाक मारली, "अगं, जरा इकडे ये. हे ऐक."

आधी आत्या आली. हाक कुणालाही असो, आत्या आधी हजर. मागून बायको हात पुसत आली. तिघेही ॲम्प्लिफायरपुढे उभे राहिले. गायिका गात होती. तिच्याखाली काही नव्हते.

"काय ऐकायचंय?" बायकोने विचारले.

"आता नाही. मघाशी होतं."

"मघाशीच बोलवायचं होतं मग," आत्या म्हणाली.

हे असे कितीदा घडले ते मोजण्यात अर्थ नाही. हाक मारावी, आत्या यावी, बायको यावी, आणि आवाज गेलेला असावा. ॲम्प्लिफायर दुरुस्तीच्या दुकानात जाऊन आला. दुकानात तो शहाण्या मुलासारखा गप्प राहिला. वायरमनला फोन केला, तो म्हणाला, "साहेब, लाइन चोख आहे, आरशासारखी." कानसेन रोज थोडे थोडे त्याच निष्कर्षाला येऊन पोचत होते जिथे मंडळ पुढे एका दुपारीत पोचले. वीज निर्भेळ, यंत्र निर्दोष, माणसांना ऐकू येत नाही. मग उरले कोण?

आणि उरलेल्या त्या एकाला आत्याने, पूर्ण मायेने, धक्का दिला. एकदा ती नेहमीसारखी येऊन, काहीच न ऐकून, त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. "तुझ्या बापालाही शेवटी शेवटी असंच व्हायचं," ती म्हणाली. "दाराची घंटा ऐकू यायची त्याला. उठून दार उघडायचा बिचारा. बाहेर कुणी नसायचं." कानसेनांना ते दार आठवत होते. वडील ते उघडून, रिकाम्या जिन्याला 'या' म्हणत उभे राहत, तेही आठवत होते. त्या दिवसापासून गाण्याआधीचा तो श्वास ऐकला की त्यांचा हात यंत्र बंद करायला पुढे होऊ लागला, कारण श्वासामागोमाग घूं येणार हे त्यांना ठाऊक असे. ज्या श्वासासाठी ते वरिष्ठांशी भांडले होते, तोच आता त्यांना भिववू लागला.

मंडळाने न्यायाला धरून एक तपासनीसही घरी पाठवला. तो सज्जन होता, आणि सज्जन माणसाच्या हातात मीटर असले की त्याच्याशी वाद घालता येत नाही. पाहुणा येणार म्हणून आत्या ठेवणीतले कपडे घालून त्याच्याच शेजारी खुर्ची ओढून बसली. त्याची मुले काय करतात, घर स्वतःचे आहे का, गुडघे दुखतात का, हे सगळे तिने काढून घेतले. तबकडी फिरली, गायिका गायली, मीटरचा काटा जागचा हलला नाही.

"आता येत नाही," कानसेन म्हणाले.

"आता येत नाही," असे म्हणत तपासनीसाने ते लिहून घेतले, आणि मग चष्म्यावरून त्यांच्याकडे पाहिले. त्या नजरेत सहानुभूती होती. अपमान सोसता येतो. त्याला उत्तर तरी असते. "साहेब, बरेचदा असं होतं," तो म्हणाला. "चार माणसं जवळ आली की हे आवाज थांबतात. मनाला सोबत लागते."

चौकशी करणारे आले, साक्षीदार आले, पंच आले, आणि आरोपी पंचांच्या रांगेत मधोमध बसून चहाला साखर किती विचारत होता. पण हे त्या दिवशी कुणाला कळण्यासारखे नव्हते, आणि ज्यांचे कामच कळून घेणे हे होते त्यांना कळून घ्यायची घाई नव्हती.

वेष्टन विभागात रुजू व्हायच्या आदल्या दिवशी रविवार होता. दुपारी बायको घरीच होती. कानसेन खोलीत नुसते बसले होते. आत्या दाराशी येऊन म्हणाली, "खोकी भरायची तर भरायची. वाईट काय त्यात? डोक्याला ताप नाही. तुझ्या बापाला जर कुणी वेळेवर..."

"आत्या," कानसेन म्हणाले, "प्रत्येक वेळी तुला मध्ये यायलाच हवं का?"

त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरे झाले असते; चढलेल्या आवाजाला आत्याजवळ उत्तरांचा साठा होता. "बरं," ती म्हणाली. "नाही येत." आणि तिने आपल्या खोलीत जाऊन दार लावून घेतले.

"झालं," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "आता संध्याकाळपर्यंत ते दार उघडत नाही. जेवण दारातून द्यावं लागणार."

कानसेनांनी शेवटची म्हणून ती तबकडी लावली. उद्यापासून अशा प्रती घरी आणायचा हक्क राहणार नव्हता. गायिकेने श्वास घेतला. ती गाऊ लागली. थोड्या वेळाने घूं आले. त्यांनी हाक मारली नाही. आता कुणाला बोलवायचे आणि काय दाखवायचे? ते डोळे मिटून बसून राहिले, आणि ते घूं आपल्याच कवटीत कुठे घुमते आहे ते शोधू लागले.

बायको आत आली ती डब्याचे विचारायला. "उद्या डबा नेणार ना? तिथे कॅन्टीन..." ती थांबली. "हे काय वाजतंय?"

"गाणं."

"गाणं नाही हो. गाण्याखाली."

कानसेनांनी डोळे उघडले. बायको कपाळाला आठ्या घालून उभी होती.

"कुठून येतंय?" त्यांनी शक्य तितक्या सपाट आवाजात विचारले.

तिने त्यांच्याकडे न पाहता ॲम्प्लिफायरकडे बोट केले. "त्याच्या पोटातून. माशी अडकल्यासारखं. हेच का ते तुमचं?"

"मला बरं वाटावं म्हणून म्हणतेस?"

"मी कधी तुम्हाला बरं वाटावं म्हणून काही म्हटलंय?"

हे खरे होते. लग्नाला इतकी वर्षे झाली, पण या बाबतीत तिच्यावर कसलाही आळ घेता आला नसता. कानसेन खुर्चीत मागे टेकले. त्यांना हसू येत होते आणि डोळ्यांत पाणीही येत होते, आणि यातले आधी काय बाहेर पडेल याचा नेम नव्हता. शेवटी दोन्ही नाही. नुसता एक मोठा निःश्वास पडला. आपण वेडे नाही, बहिरे होत नाही, बापाचे रिकामे दार आपल्याला उघडावे लागणार नाही. घूं चालूच होते. इतके गोड ते त्यांना कधी लागले नव्हते.

"रडताय कशाला?" बायको म्हणाली. "थांबा, आत्याबाईंनाही ऐकवते. चहा घेऊन जाते, तेवढाच राग निवळेल."

ती चहा घेऊन गेली. शेजारच्या दारावर टकटक झाली. आणि घूं थांबले.

बायको परत आली तेव्हा कानसेन ॲम्प्लिफायरसमोर गुडघ्यांवर बसले होते. "गेलं," ते म्हणाले, आणि त्यांचा चेहरा पुन्हा पडू लागला.

"असू दे. मी ऐकलंय. घरात दोघं वेडे व्हायला मला सवड नाही." ती बसली. "आत्याबाई यायच्या नाहीत म्हणाल्या. चहा घेतला, पण माझ्याकडे बघितलं नाही."

तबकडीची बाजू संपली. कानसेनांनी दुसरी बाजू लावली. श्वास. गाणे. आणि थोड्या वेळाने, घूं.

"आला परत," बायको म्हणाली. "आत्याबाईंचा चहा संपला वाटतं."

ती हे गमतीने बोलली होती. मग दोघांनी एकदमच मधल्या भिंतीकडे पाहिले. भिंतीला लागून तबकड्यांचे कपाट उभे होते, आणि ते जड कपाट वायरमनने जागेवर सरकवून ठेवल्यापासून कुणी हलवलेले नव्हते.

दोघांनी मिळून ते पुढे ओढले. मागे निर्भेळ विजेची पट्टी, जशी कानसेनांनी स्वतः उभे राहून बसवून घेतली होती तशीच, सरळ गेली होती. पण मध्यावर एक छोटी पांढरी डबी होती, जी त्यांनी बसवून घेतली नव्हती. डबीतून बोटभर पाइप निघून भिंतीत शिरला होता. पाइपभोवती भोक पाइपापेक्षा बरेच मोठे पडले होते आणि ते कुणी बुजवले नव्हते. त्यातून पलीकडचा उजेड दिसत होता.

भिंतीपलीकडे ऐकू जाऊ नये म्हणून दोघे जिन्यात गेले आणि कानसेनांनी वायरमनला फोन लावला.

"हो, दिला ना पॉइंट," वायरमन म्हणाला. "आत्याबाई म्हणाल्या, साहेबांना विचारलंय."

"अहो, ती स्वतंत्र लाइन होती."

"स्वतंत्रच आहे साहेब. सगळ्या घरापासून स्वतंत्र आहे. पण आत्याबाईंपासून कोण स्वतंत्र असतं, तुम्हीच सांगा. मला त्यांनी चहा दिला, वर विचारलं, माझ्या पायांसाठी एक पॉइंट काढताना तुझा हात दुखणार आहे का. मी काय सांगणार?"

बाकीचे कानसेनांनी स्वतःच जुळवले. आत्याकडे पाय शेकायचे एक जुने मशीन होते, मंद आणि जोरात अशी दोन बटणे असलेले. अशी मशीने 'मंद' वर ठेवली की विजेच्या लाटेचा अर्धाच भाग घेतात आणि उरलेला सोडून देतात. त्या लंगड्या विजेवर, त्याच तारेला बांधलेल्या ॲम्प्लिफायरचा ट्रान्सफॉर्मर कुरकुरू लागतो. घरभर विखुरलेल्या जुन्या वायरिंगवर ही कुरकुर कुणाला कळलीही नसती. कानसेनांनी घरातली सगळी लुडबुड तोडून एक चोख तार ओढून घेतली होती, आणि तिच्या एका टोकाला स्वतःचा ॲम्प्लिफायर व दुसऱ्या टोकाला आत्याचे पाय बांधून घेतले होते. हाक ऐकून आत्या का येई आणि आली की आवाज का जाई, तेही उलगडले. खोलीतून बाहेर पडताना बटण बंद केल्याशिवाय आत्या पाऊल टाकत नसे.

त्यांना राग यायला हवा होता. त्यांनी तो मनात शोधलाही. मिळाला तो सगळा मंडळाच्या नावाचा होता. आत्याच्या वाट्याला तो पुरेना. "आत जाऊन बोलू का तिच्याशी?" त्यांनी बायकोला विचारले.

"आत्ता नको. आत्ता त्या मशीन पलंगाखाली लपवतील आणि आपल्यालाच भास झाला म्हणतील," बायको म्हणाली. "त्या मीटरवाल्यांना बोलवा. आणि या खेपेला पाहुणा येणार आहे हे घरात कुणाला सांगू नका."

वेष्टन विभागात कानसेनांनी थोडे दिवस खोकी भरली, आणि भरताना शीळ घातली, हे तिथल्या लोकांनी पुढे बरेच दिवस सांगितले. दुसऱ्या पाहणीचा अर्ज मंडळाने नाखुशीने मंजूर केला. तपासनीस आला तो पाय न वाजवता. बायकोने त्याला जिन्यातच बजावले होते. त्याने संग्रहालयातून सोबत आणलेली तबकडी लागली. श्वास झाला. गाणे सुरू झाले. काटा थरथरला आणि उजवीकडे जाऊन उभा राहिला. तपासनीसाने मीटरवर टिचकी मारली, मग स्वतःच्या कानावर, आणि मग तो खजील होऊन म्हणाला, "येतंय की हो."

"येतंय ना?" कानसेन म्हणाले. त्यांना ते पुन्हा एकदा ऐकायचे होते.

"येतंय, साहेब. चांगलं येतंय."

तिघेही लगतच्या खोलीच्या दारात जाऊन उभे राहिले. आत्या भिंतीपाशी आरामखुर्चीत बसली होती, मान भोकाच्या बाजूला कललेली, डोळे मिटलेले, मांडीवर शाल, आणि शालीखाली पाय. मशीनचा छोटा लाल दिवा शालीतून चमकत होता.

तपासनीस नियमांचा माणूस होता. मीटर एका बाजूला ठेवून त्याने खुर्ची ओढली आणि आवाजाच्या उगमाचा जबाब रीतसर लिहून घेतला. मंडळाने तो पुढे आपल्या सुधारित निष्कर्षाला जोडला. त्या निष्कर्षात म्हटले आहे की गुंजारव बाह्य जगात अस्तित्वात असल्याचे आता आढळले आहे, तथापि मंडळाचे पूर्वीचे मत त्या वेळी उपलब्ध असलेल्या बाह्य जगास धरून योग्यच होते. या वाक्यावर कानसेन पूर्वी आठवडाभर संतापले असते. त्यांनी ते एकदा वाचले, घडी घातली, आणि श्रवणकक्षाची किल्ली खिशात टाकली. वायरमनने आत्याचा पॉइंट घरच्या जुन्या लाइनवर घेतला आणि भिंतीतले भोक बुजवू का, असे विचारले. कानसेन म्हणाले, "ते राहू दे." त्याचे कारण जबाबातच आहे. जबाब शब्दशः असा:

"मी याची आत्या. वय लिहू नका. पॉइंट मीच काढून घेतला, त्या वायरमनचा काही दोष नाही, मी त्याला थाप मारली. पलंगाजवळ पॉइंट होता, पण तिथे काही ऐकू येत नाही. या भिंतीशी बसलं की येतं, आणि भोक पडल्यापासून तर फारच छान येतं. याच्या खोलीत बसून ऐकायची सोय नाही, तिथे हा माणसाला परीक्षेला बसवल्यासारखं बसवतो, खुर्ची वाजली तरी वळून बघतो. आणि इतकी वर्षं मी म्हणत आले, काय ती भुतं रडवतोस, मग आता कुठल्या तोंडाने जाऊन बसू? ती एक बाई आहे, गायला लागायच्या आधी श्वास घेते. तो ऐकू आला की मी पाय मशीनवर ठेवते आणि मंदचं बटण लावते, कारण जोरात लावलं तर मशीनच घरघरतं आणि ती ऐकू येत नाही. ते याच्या यंत्रात जातंय हे मला कसं कळावं? याला नसलेला आवाज ऐकू येतो हे पहिल्यांदा बघितलं तेव्हाच मला वाटलं, झालं, हाही माझ्या भावासारखा. म्हणून तर हाक आली की मी पाय काढून धावायचे, तो एकटा नको राहायला म्हणून. आता लिहून घेतच आहात तर हेही लिहा, की तो लावतो ते मला आवडतं. पण त्याला सांगू नका, डोक्यावर बसेल."